सेंटिमेंटल जर्नी फ्लाय-इन

सेंटिमेंटल जर्नी फ्लाय-इन हा अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन या शहरात दरवर्षी जून महिन्यात भरणारा जुन्या हलक्या विमानांचा मेळावा आहे. तो १९८६ साली सुरू झाला. सस्क्वेहाना नदीच्या पश्चिम शाखेच्या काठावर असलेल्या विल्यम टी. पायपर स्मृती विमानतळावर तो भरतो. मेळाव्यात अनेक कंपन्यांची विमाने येत असली तरी त्याचे मुख्य आकर्षण पायपर जे-३ कब हे पिवळ्या रंगाचे दोन आसनी विमान होय. १९३७ ते १९८४ या काळात पायपर कंपनीचा कारखाना याच विमानतळाला लागून होता. त्यामुळे येथे उतरणारी बरीचशी विमाने, ज्या जागी तयार झाली व ज्या जागेवरून त्यांनी पहिले उड्डाण केले, त्याच जागी परत येत असतात. मेळाव्याच्या नावाचा अर्थ ‘भावनिक प्रवास’ असा होतो. याच नावाचे एक गीत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होते.

स्वरूप

‘फ्लाय-इन’ म्हणजे वैमानिकांनी आपापल्या विमानाने उडत येऊन एकत्र जमण्याचा कार्यक्रम. हवाई कसरतींच्या प्रदर्शनात प्रेक्षक दोरीच्या एका बाजूला व विमाने दुसऱ्या बाजूला असतात. फ्लाय-इनमध्ये असा भेद फारसा राहत नाही. आलेला वैमानिक स्वतःच प्रेक्षक असतो आणि त्याचे विमान हेच प्रदर्शन. गवतावर रांगेने विमाने उभी केली जातात, मालक पंखाखाली तंबू ठोकतात, आणि पाहुण्यांनी विमानाजवळ येऊन प्रश्न विचारावेत अशीच अपेक्षा असते. लहान मुलांना कॉकपिटमध्ये बसवणे हा तर अशा मेळाव्यांचा अलिखित रिवाजच आहे.

विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे भरणाऱ्या जगप्रसिद्ध मेळाव्यात सुमारे १०,००० विमाने येतात व काही दिवसांसाठी तेथील नियंत्रण मनोरा जगातील सर्वांत गजबजलेल्या मनोऱ्यांपैकी एक बनतो. लॉक हेवनचे प्रमाण त्या मानाने अगदी लहान आहे. शहराची लोकसंख्या सुमारे ८,००० असून विमानतळाला नियंत्रण मनोराच नाही. येथे डांबरी धावपट्टीच्या शेजारी गवताची धावपट्टी आहे, आणि जुन्या विमानांचे वैमानिक गवतच अधिक पसंत करतात. शेपटीखाली चाक असलेल्या विमानांना डांबरावर उतरताना चाके चटकन पकड घेतात आणि विमान एका बाजूला ओढले जाण्याचा धोका वाढतो. गवत ही चूक बरीचशी पोटात घालते.

मेळाव्याची व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. विमानांना जागा दाखवणे, इंधन भरणे, भोजनाची सोय करणे यांपासून सायंकाळच्या कार्यक्रमांपर्यंतची कामे तेच करतात. स्थानिक स्वयंसेवकांवर उभे असलेले असे मेळावे अमेरिकेत अनेक ठिकाणी भरतात. आयोवातील ब्लेक्सबर्गजवळील अँटीक एअरफील्ड हे त्यांपैकी एक प्रसिद्ध ठिकाण. लॉक हेवनचे वेगळेपण असे, की येथे यंत्राची जन्मभूमी व मेळाव्याची जागा एकच आहे.

पार्श्वभूमी

या विमानाची कथा लॉक हेवनमध्ये नव्हे, तर त्याच राज्याच्या उत्तर सीमेवरील ब्रॅडफर्ड या तेलविहिरींच्या गावी सुरू झाली. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे क्लॅरेन्स गिल्बर्ट टेलर व गॉर्डन टेलर हे बंधू लहान विमाने बनवीत असत. १९२८ साली गॉर्डन यांचा विमान अपघातात मृत्यू झाला व त्याच सुमारास धाकट्या भावाविना उरलेल्या क्लॅरेन्स यांनी आपला उद्योग ब्रॅडफर्डला हलवला. गावातील व्यावसायिकांनी त्यात पैसे गुंतवले. त्यांत विल्यम टी. पायपर नावाचे एक तेल व्यावसायिक होते. पायपर यांना त्या वेळी विमान चालवता येत नव्हते. पन्नाशी उलटून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ते शिकले.

१९३० साली टेलर यांनी एक स्वस्त, हलके विमान आखले. त्याला प्रथम ‘टायगर किटन’ नावाचे सुमारे २० अश्वशक्तीचे इंजिन बसवण्यात आले. चाचणीच्या वेळी विमान जमिनीपासून काही फुटांपेक्षा वर जाऊ शकले नाही. इंजिन निरुपयोगी ठरले, पण त्याच्या नावाने एक गोष्ट मागे ठेवली: इंजिन जर वाघाचे पिल्लू असेल तर विमान ‘कब’, म्हणजे बछडा, असावे असे कंपनीच्या लेखापालाने सुचवले, असे सांगितले जाते. पुढे काँटिनेंटल कंपनीचे ३७ अश्वशक्तीचे ए-४० इंजिन बसवल्यावर हे विमान खऱ्या अर्थाने उडू लागले. दरम्यान महामंदीत कंपनी दिवाळखोरीत गेली होती व पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या काहीशे डॉलरांत विकत घेतली होती.

पायपर यांना विमान विकायचे होते, टेलर यांना ते आपल्या मनासारखे बनवायचे होते. वॉल्टर जॅमनो या तरुण अभियंत्याने पंखांची व शेपटीची टोके गोलाकार करून आराखड्यात बदल केले, तेव्हा हा मतभेद विकोपाला गेला व टेलर कंपनीतून बाहेर पडले. त्यांनी टेलरक्राफ्ट ही स्वतःची कंपनी काढली. आज मेळाव्यात टेलरक्राफ्ट व पायपर विमाने शेजारी शेजारी उभी असतात. दोन्हींचे साम्य पाहिले तर या भांडणाचा इतिहास न सांगताही कळतो.

१६ मार्च १९३७ रोजी ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत भस्मसात झाला. पायपर यांनी आग्नेयेकडील लॉक हेवन येथील एक बंद पडलेली रेशीम गिरणी घेतली व तेथे काम सुरू केले. त्याच वर्षी कंपनीचे नाव पायपर एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन असे झाले आणि १९३८ च्या हंगामासाठी जे-३ हे सुधारित प्रारूप बाजारात आले.

पायपर जे-३ कब

जे-३ ची रचना आजच्या नजरेला अतिशय साधी वाटते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला, त्यावर सुती कापड ताणून बसवलेले व कापडावर ‘डोप’ या द्रवाचे थर. डोप वाळताना कापड आक्रसते आणि ढोलाच्या चामड्यासारखे ताठ होते. पंख डोक्यावर असून खालून तिरक्या दांड्यांनी तोललेले असतात. पंखविस्तार १०.७४ मीटर, लांबी ६.८३ मीटर, रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ३४५ किलोग्रॅम व कमाल उड्डाणवजन सुमारे ५५० किलोग्रॅम आहे. म्हणजे दोन माणसे, इंधन व थोडे सामान एवढीच त्याची क्षमता. १९४० पासून सर्वसामान्य झालेले काँटिनेंटल ए-६५ हे इंजिन ६५ अश्वशक्तीचे असून त्यावर विमान ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने प्रवास करते. समोरून जोराचा वारा असेल तर खालच्या महामार्गावरील मोटारी सहज पुढे निघून जातात.

दोन्ही आसने एकामागे एक असतात. एकट्याने उडताना वैमानिकाला मागच्या आसनावर बसावे लागते, कारण पुढे बसल्यास विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर पुढे सरकतो. मागून समोरचे दिसते ते अर्धे इंजिनाचे आवरण व अर्धे आकाश. जमिनीवर चालवताना म्हणूनच वैमानिक विमान नागमोडी नेतात, म्हणजे डावी-उजवीकडे आळीपाळीने पुढचे पाहता येते. उजव्या बाजूचा दरवाजा आडवा दुभंगलेला असतो. त्याचा वरचा भाग पंखाला अडकवून व खालचा खाली सोडून उडता येते, आणि उन्हाळ्यात बहुतेक जण तसेच उडतात.

इंधनाची टाकी सुमारे ४५ लिटरची असून ती पुढच्या आसनासमोर, यंत्रफलकाच्या मागे आहे. इंधन किती उरले हे दाखवणारे उपकरण म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या बुचाला जोडलेली तार. ती झाकणातून वर डोकावते. जशी टाकी रिकामी होते तशी तार खाली जाते. यात बिघडण्यासारखे काहीच नाही, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही ते बदलण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

बहुतांश जे-३ विमानांत विद्युतव्यवस्था नाही. स्टार्टर नाही, दिवे नाहीत, मूळचा रेडिओही नाही. इंजिन प्रोपेलर हाताने फिरवून सुरू करावे लागते आणि मेळाव्यात सर्वाधिक काळजी घेण्याचा क्षण हाच असतो. स्फुल्लिंग देणारे मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतात. प्रोपेलर फिरला की ते स्वतःच वीज निर्माण करतात. त्यांना बंद करणारी तार तुटलेली किंवा सैल असेल तर स्विच ‘बंद’ दाखवत असतानाही इंजिन पेटू शकते. म्हणून अनुभवी मंडळी प्रत्येक प्रोपेलर जिवंत आहे असे समजूनच त्याला हात लावतात. आत जाणकार व्यक्ती ब्रेक दाबून बसते, चाकांना ओट लावतात, बाहेरचा माणूस मोठ्याने विचारतो व आतला तेच शब्द मोठ्याने उच्चारून उत्तर देतो. एकट्या वैमानिकासाठी कबमध्ये आणखी एक पद्धत रूढ आहे: प्रोपेलरच्या मागे, उजव्या चाकापुढे पाय रोवून उभे राहायचे, एका हाताने विमानाला धरायचे व दुसऱ्याने पाते खाली ओढायचे. विमानाची शेपटी तरीही खुंट्याला बांधलेली असावी असा आग्रह मेळाव्यांतून धरला जातो. शेपटी न बांधता सुरू केलेली विमाने मालकाविना गवतावर धावत सुटल्याची उदाहरणे या छंदाच्या इतिहासात कमी नाहीत.

उत्पादन १९४७ पर्यंत चालले व सुमारे २०,००० विमाने तयार झाली. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातील ठेवणे हे पायपर यांचे धोरण होते. १९३८ च्या सुमारास ती सुमारे १,३०० डॉलर होती. पिवळा रंग व धडावरून जाणारी काळी विजेसारखी रेघ ही त्याची ओळख झाली आणि तो रंग पुढे ‘लॉक हेवन यलो’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकी वृत्तपत्रांनी पुढे कित्येक वर्षे कोणत्याही लहान विमानाला ‘पायपर कब’ म्हणण्याची सवय लावून घेतली. जाणकारांना ती अजूनही खटकते.

युद्धकाळ

१९३९ ते १९४४ या काळात अमेरिकी सरकारच्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेतून सुमारे ४,३५,००० जणांनी उड्डाणाचे शिक्षण घेतले. त्यांतील फार मोठ्या भागाचे पहिले विमान कब हेच होते. सैन्याने याच विमानाला एल-४ असे नाव देऊन तोफखान्याच्या निरीक्षणासाठी वापरले. अशी पाच हजारांहून अधिक विमाने तयार झाली व त्यांना ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा, हे टोपणनाव मिळाले. शेतात किंवा रस्त्यावर उतरून पुन्हा उडता येणे हेच त्यांचे बळ होते. मेजर चार्ल्स कार्पेंटर यांनी आपल्या एल-४ च्या पंखदांड्यांना रणगाडाभेदी बझूका बांधून फ्रान्समध्ये जर्मन रणगाड्यांवर हल्ले केले. ‘रोझी द रॉकेटर’ नावाचे ते विमान पुढे ऑस्ट्रियात सापडले व अमेरिकेत आणून पूर्ववत करण्यात आले.

मेळाव्यात पिवळ्या कबच्या रांगेत अधूनमधून हिरवट रंगाची व पंखांवर पांढरे तारे असलेली विमाने दिसतात. त्यांपैकी काही युद्धात प्रत्यक्ष वापरलेली एल-४ असतात, तर काही नागरी जे-३ ला दिलेला केवळ सैनिकी वेष असतो. मागच्या बाजूच्या वाढीव काचांवरून अस्सल एल-४ बहुधा ओळखता येते.

महापूर आणि कारखान्याचा शेवट

युद्धानंतर परतलेला प्रत्येक सैनिक विमान घेईल या अपेक्षेने कंपन्यांनी उत्पादन वाढवले. १९४६ साली अमेरिकेत सुमारे ३५,००० हलकी विमाने तयार झाली. पुढच्याच वर्षी हा आकडा निम्म्याहून खाली आला. पायपर कंपनी त्या खड्ड्यातून कशीबशी बाहेर आली ती मुख्यतः व्हॅगाबाँडसारख्या आखूड पंखांच्या स्वस्त विमानांमुळे. १९४७ मध्येच पायपर सुपर क्रूझर जातीच्या दोन विमानांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. ९ ऑगस्ट ते १० डिसेंबर अशा चार महिन्यांत त्यांनी सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर कापले. त्यांपैकी ‘सिटी ऑफ द एंजल्स’ हे विमान आज लॉक हेवनच्या संग्रहालयात आहे.

विल्यम पायपर १९७० साली वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९७२ मध्ये, अ‍ॅग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने सस्क्वेहाना नदीला महापूर आला. नदीकाठचा कारखाना पाण्याखाली गेला, सुमारे १०० विमाने नष्ट झाली आणि कोमँची व ट्विन कोमँची या विमानांचे साचे व अवजारे निकामी झाली. ती पुन्हा तयार करण्याऐवजी कंपनीने या दोन्ही विमानांचे उत्पादन कायमचे थांबवले. नवी प्रारूपे आधीपासूनच फ्लॉरिडातील व्हीरो बीच येथे बनत होती. पुरानंतर तिकडील ओढ वाढत गेली आणि १९८४ साली लॉक हेवनचे उत्पादन बंद झाले. जवळजवळ अर्धे शतक ज्या शहराची ओळख आणि अनेक घरांची चूल एका कारखान्यावर अवलंबून होती, त्या शहरासाठी हा आघात मोठा होता.

फ्लाय-इन सुरू झाले ते यानंतर दोनच वर्षांनी. तो नुसता वैमानिकांचा छंदोत्सव नव्हता हे या क्रमावरून लक्षात येते. पंख शिवणाऱ्या, नळ्या जोडणाऱ्या व डोप चढवणाऱ्या ज्या कामगारांची कामे गेली होती, त्यांच्या हातची विमाने दर जूनमध्ये पुन्हा त्यांच्या डोक्यावरून उडू लागली. कारखान्याच्या जुन्या अभियांत्रिकी इमारतीत पायपर एव्हिएशन म्युझियम हे संग्रहालय आहे. मेळाव्याला आलेल्यांचे पाय तिकडे वळतातच.

जतनाचे प्रश्न

या विमानांपैकी सर्वांत नवे जे-३ देखील आता पाऊणशे वर्षांहून जुने आहे. कापड बदलता येते. मूळ सुती कापडाची जागा बहुतेक विमानांत टिकाऊ पॉलिएस्टर कापडाने घेतली आहे. खरा धोका कापडाखाली असतो. पंखांना आधार देणाऱ्या पोकळ दांड्यांत पाणी साचले तर त्या आतून गंजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दांडी तुटली तर पंख राहत नाही. यामुळे अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने १९९० च्या दशकात या दांड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक केली. त्यानंतर अनेक मालकांनी जुन्या दांड्या काढून बंदिस्त तोंडाच्या नव्या दांड्या बसवल्या. लाकडी पंखतुळया असलेल्या विमानांत लाकडाला जाणाऱ्या सूक्ष्म चिरा ही वेगळी चिंता असते.

सुटे भाग आजही मिळतात. इतके भाग मिळतात, की एखादे विमान जवळजवळ संपूर्णपणे नव्या भागांचे बनवता येते व त्यात जुने काय उरले याचे उत्तर ‘क्रमांकाची पट्टी’ एवढेच असू शकते. अशा विमानाला १९४१ चे म्हणावे का, यावर हौशी मंडळींत कायमचा वाद आहे. एका गटाच्या मते मूळ नळ्या, मूळ यंत्रफलक व शक्य असल्यास मूळ रंगाचा थरही जपला पाहिजे. दुसऱ्या गटाच्या मते उडण्यासाठी बनवलेले यंत्र सुरक्षितपणे उडत राहणे हेच त्याचे जतन. दुसरी बाजू व्यवहारात सहसा जिंकते, कारण विमानात स्वतःच्या नातवंडाला बसवायचे असले की १९४१ च्या दांडीविषयीचे प्रेम कमी होते.

नियमांच्या बाबतीत या विमानांना काही सवलती आहेत. २०२० पासून अमेरिकेतील बऱ्याच हवाई क्षेत्रांत विमानाचे स्थान आपोआप प्रक्षेपित करणारे उपकरण आवश्यक झाले. मूळ बांधणीतच इंजिनावर चालणारी विद्युतव्यवस्था नसलेल्या विमानांना त्यातून मोठ्या प्रमाणात सूट आहे. २००४ मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा वर्ग निर्माण झाला, तेव्हा जे-३ वजनाच्या मर्यादेत बसले. त्यामुळे विमानवैद्यकीय प्रमाणपत्र न घेणाऱ्या वयस्क वैमानिकांनाही ते उडवणे शक्य झाले. परिणामी मागणी वाढली आणि किमतीही. ज्या विमानाचे सारे वैशिष्ट्य स्वस्ताई हे होते, ते आता तरुणांना सहज परवडत नाही.

भारताशी संबंध

पायपर यांच्याशी बेबनाव होऊन बाहेर पडलेल्या टेलर यांच्या आराखड्यावरून इंग्लंडमधील लेस्टर परिसरात विमाने बनू लागली. त्यांचेच रूप ‘ऑस्टर’. भारतीय तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकड्या स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे ऑस्टर वापरत होत्या. त्यांची जागा हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ‘कृषक’ विमानाने घेतली. कृषक व त्याआधीचे दोन आसनी ‘पुष्पक’ ही दोन्ही विमाने कोल्हापूरजवळील हसूर येथे जन्मलेले विमान अभियंते विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखली गेली. पुष्पकचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९५८ मध्ये झाले. कापडी आवरण, डोक्यावरचा पंख, शेपटीचे चाक आणि उड्डाण संघांतील विद्यार्थ्यांना परवडावे असा खर्च, या बाबतींत ते अमेरिकेतील या पिढीच्या विमानांचेच भाईबंद होते. अमेरिकेत कबने जे काम केले, तेच भारतातील उड्डाण संघांत पुष्पकने काही दशके केले. फरक एवढाच, की पुष्पक मोजकीच बनली आणि उडत्या अवस्थेत त्यांपैकी फारच थोडी उरली.